पर्मनंट आहात का?

लातूर
रविवार

प्रिय दिन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "सोड ते कॉलेज आणि पुण्याला ये" एवढंच सांगायचं होतं, बाकी सगळ्या शिव्या. फोनवर मी हे नेहमी हसण्यावारी नेतो, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकीचा हिशोब. "तासाला 900 म्हणजे झकास की," असं तू म्हणालास. दर 2023 मध्ये वाढला हे खरं. पण तासिका आठवड्याला नऊच. एका रिकाम्या पदाचा कार्यभार दोघांत वाटायचा, म्हणजे दोघांपैकी कुणालाच पूर्णवेळ म्हणावं लागत नाही. महिना पुरा भरला तर बत्तीस हजारांच्या घरात जातो, पण तो भरतो कधी? गणपती, दिवाळी, परीक्षा, निवडणुकीसाठी ताब्यात घेतलेल्या खोल्या. तास झाला नाही की पैसा नाही. उन्हाळ्यात तर शून्यच. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली लावणं, परीक्षेला पर्यवेक्षण, जूनमध्ये गावोगाव फिरून पोरांना प्रवेशासाठी पटवणं, हे सगळं मात्र आपुलकीनं करायचं. नाही म्हटलं तर जुलैतल्या मुलाखतीला आपलं नाव आठवत नाही कुणाला. दरवर्षी तीच मुलाखत, तेच कागद, तेच साक्षांकन.

आणि झालेल्या तासांचे पैसे तरी हातात पडावेत ना! बिल प्राचार्यांच्या सहीनं उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातं, तिथं त्रुटी निघते, परत येतं. मागच्या वर्षी दिवाळीला मिळेल म्हणून धरलेलं मानधन संक्रांत उलटल्यावर जमा झालं. आईनं दिवाळीचा किराणा वहीवर आणला. दुकानदार भला माणूस, "सर, असू द्या" म्हणाला. त्या "सर"चा राग आला मला, त्याचा नाही.

माझ्याच स्टाफरूममध्ये कायम असलेला माणूस 57,700 मूळ वेतनावर लागतो. अभ्यासक्रम तोच, वर्ग तोच, नेट-सेट ही पात्रता परीक्षाही तीच. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2019 मध्येच अतिथी अध्यापकाला तासाला 1,500 आणि महिन्याला 50,000 पर्यंत द्यावेत म्हणून कळवलंय. तो कागद मोबाइलमध्ये जपून ठेवलाय. दाखवायचा कुणाला, ते अजून ठरलेलं नाही.

पुणे विद्यापीठात जयकर ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत जागा धरायला आपण सकाळी पळत जायचो, आठवतं? सेट निघाली की सुटलो, असं वाटायचं. सेट निघाली, तर 2017 च्या मे महिन्यात राज्यात प्राध्यापक भरतीच बंद. पुढच्या वर्षी 3,580 पदांना मंजुरी आली, तीही अर्धी होते न होते तोच कोरोनानं अडवली, आणि उरलेल्या 2,088 ला 2021 मध्ये पुन्हा परवानगी. मधल्या काळात हवा अशी होती की पीएच.डी. नसेल तर विद्यापीठात दारही उघडणार नाही, म्हणून मी पीएच.डी.ला बसलो. ती हातात आली तोवर, 2023 मध्ये, यूजीसीनं ती अटच काढून टाकली. बरं, संस्थेत जागा निघाली तरी तिचा एक "आकडा" असतो. एका ठिकाणी मला तो चहा पाजून, अगदी प्रेमानं सांगितला. आमची तीन एकर विकली असती तरी निम्मा झाला नसता.

धाकट्याचंही तेच. मेकॅनिकलचा इंजिनिअर. चाकणला कंत्राटी कामगार म्हणून राबून परत आला आणि 2024 च्या पोलीस भरतीत सोळाशे मीटर पळाला. पात्रता बारावी. सतरा हजारांच्या वर जागा आणि अर्ज सतरा लाखांहून जास्त. मैदानावर त्याला वर्गमित्र भेटले म्हणे, रियुनियन झाल्यागत. आणि मग कुठल्या तरी समारंभात कुणी तरी उद्योगपती सांगतो की आजच्या तरुणांत कौशल्य नाही. अरे, तू एम.एस्सी. फर्स्ट क्लास, आणि रात्रपाळीत संगणकाच्या नकाशावर परदेशातल्या शेतांचे बांध क्लिक करून गिरवतोयस. तुला कुठलं कौशल्य कमी पडलं?

परवा एस. वाय.चं प्रात्यक्षिक होतं. टोपोशीटवरच्या, म्हणजे भूरूप नकाशावरच्या, समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांवरून डोंगराचा छेद काढायचा. पोरं रेषा मोजतानाच दमतात. एका मुलीनं मात्र आधी कागदाची पट्टी नकाशावर ठेवली, प्रत्येक रेषेपाशी टोकदार पेन्सिलनं बारीक खूण केली, उंची लिहिली आणि मगच आलेखाला हात लावला. डोंगराची सोंड अशी उतरवली की मी जर्नल फिरवून सगळ्यांना दाखवलं. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिनं विचारलं, "सर, भूगोलात एम. ए. करून काय होता येतं?" मागून एक पोरगं ओरडलं, "सर होता येतं!" वर्ग हसला, मीही हसलो. मग तिला जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं काम, सांगितलं, भूमी अभिलेख सांगितलं, स्पर्धा परीक्षा सांगितल्या. प्राध्यापकी तेवढी गाळली.

तू विचारतोस, मग चिकटून का राहिलास? या अशाच तासांमुळे, असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल, आणि ते थोडं खरंही आहे. पण जास्त खरं असं की हे काम धड उपाशी ठेवत नाही आणि धड जगूही देत नाही. पूर्ण बेकार असतो तर केव्हाच पळालो असतो. इथं दरवर्षी कुणीतरी सांगतं, फाइल वित्त विभागात आहे, यंदा जाहिरात येतेय. आणि आपण अजून एक वर्ष थांबतो. कॉलेजं याच थांबण्यावर चालली आहेत. आम्ही सगळे एका सोमवारी गेलो नाही ना, तर अर्धे वर्ग उघडणार नाहीत. पण जाणार सगळे. मीही जाणार.

स्थळाचं विचारलं होतंस. मुलीचे वडील आडत दुकानवाले. पीएच.डी. कशात, विषय काय, काही नाही. बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न, "पर्मनंट आहात का?" मी नाही म्हणालो. त्यावर, "शेती किती?" पोहे मात्र फर्मास होते.

तर, तुझ्या कंपनीचं मी नाही म्हणत नाहीये. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मला येतं, डिजिटायझिंगला दोन आठवड्यांत हात बसेल. फक्त नीट कळव: हातात किती पडतात, रात्रपाळी कायमची की फिरती, तुझ्या खोलीत तिसरा मावतो का आणि डिपॉझिट किती. आणि एक, सीव्हीत पीएच.डी. लिहू की नको? तुमचे एचआरवाले "हा टिकणार नाही" म्हणून बाजूला टाकतात, असं तूच म्हणाला होतास. गाळली, तर मधली इतकी वर्षं मी काय करत होतो म्हणून सांगायचं?

मुलाखती पुढच्या आठवड्यात सुरू होतायत, त्याआधी उत्तर दे. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
अज्या