अण्णांची जखम का शिवली नाही

पुणे, रविवार रात्र

ती. अण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

काल फोनवर आईने हळूच विचारलं, "अगं, एवढी जखम केली अन् टाके घातलेच नाहीत. विसरले तर नसतील ना?" ओसरीवर माणसं होती, म्हणून तिला पुढे बोलता आलं नाही. आणि अण्णा, तुम्ही तर फोन हातातच घेतला नाही. म्हणून लिहिते आहे. दोघांनीच वाचा, सावकाश.

अण्णांचं गुदद्वाराजवळचं गळू कापून पू काढला, त्या जखमेचे टाके विसरलेले नाहीत, मुद्दामच घातले नाहीत. मळ्यातला जुना आड बुजवला तेव्हा तुम्हीच गड्यांना सांगत होतात ना, की वरून फळ्या टाकून माती लोटू नका, तळापासून भरत आणा, नाहीतर दोन पावसाळ्यांत जमीन खचेल. इथेही तसंच आहे. वरची कातडी शिवून टाकली तर आत पोकळी राहते आणि तिथे पुन्हा पू साचतो. जखम तळातून भरत वर यायला हवी. त्याला तीन-चार आठवडे लागतात, शुगर असली तर जास्तही. त्यामुळे ती उघडी दिसते, थोडं पाणी-रक्त पॅडला लागतं, याने घाबरू नका.

तुम्ही आठ दिवस हे कुणाला सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं अण्णा. सप्ताहात दोन तास कीर्तन तुम्ही खांबाला टेकून उभ्याने ऐकलंत. सगळ्यांना वाटलं, भक्तीने उभे आहेत. मलाही तसंच वाटलं. बसता येत नव्हतं हे फक्त आईला कळलं, कारण तुम्ही चहासुद्धा उभ्यानेच घेत होता. मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम आणलंत, गोळ्या खाल्ल्यात, कुणी सांगितलं म्हणून पोटीसही बांधलं. पण ही मूळव्याध नव्हतीच. मूळव्याधीत सहसा रक्त पडतं, कोंब बाहेर येतो. हे गळू होतं. सतत ठणका, बसलं की जीव जाईल अशी कळ, जागा लाल आणि गरम, वर ताप.

ते झालं कसं, हे तुम्ही डॉक्टरांना विचारलं नाहीत, म्हणून मी विचारून घेतलं. गुदद्वाराच्या आत, साधारण दोन सेंटिमीटरवर, बारीक ग्रंथी असतात. त्यातल्या एखादीचं तोंड बुजलं की आत जंतू वाढतात, पू होतो आणि तो वाट काढत कातडीखाली येऊन साचतो. अशी दहातली नऊ गळवं याच कारणाने होतात. तिखट खाल्लं म्हणून नाही, उष्णता झाली म्हणून नाही, अस्वच्छपणाने तर नाहीच. यात लाजण्यासारखं काही नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसांनाही हे होतं, पुरुषांना जास्त.

गोळ्यांनी का बसलं नाही, तेही ऐका. साचलेल्या पुवाच्या पोकळीत रक्त फिरत नाही, म्हणून औषध तिथवर पोचतच नाही. चीर देऊन पू काढणं हाच त्याचा उपाय. कमरेत इंजेक्शन देऊन अंबाजोगाईला तो काढला, तेव्हा अर्धी वाटी निघाला म्हणे, आणि त्या रात्री तुम्ही पहिल्यांदा पाठीवर झोपलात. आता ज्या अँटिबायोटिक चालू आहेत, त्या तुमची शुगर ३१८ होती आणि भोवतीची कातडी लाल झाली होती म्हणून. कोर्स पुरा करा, मध्येच थांबवू नका.

आई, आता तुझं काम. घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यांना दहा-पंधरा मिनिटं बसव. दिवसातून तीनदा, आणि संडासला जाऊन आले की प्रत्येक वेळी. पाणी आधी तू कोपराने बघ. शुगरवाल्या माणसाला चटका लवकर कळत नाही. पाण्यात मीठ नको, डेटॉल नको. नंतर मऊ फडक्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, वर स्वच्छ पॅड. जखमेत हळद, राख, कुणाकडची पूड, काहीही भरू देऊ नकोस, कितीही जवळचं माणूस सांगत असलं तरी. पोट साफ राहायला हवं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेलं इसबगोल रात्री. मोटारसायकल महिनाभर शेडमध्येच राहू दे. सोयाबीनचं बघायला कुणालाही पाठवता येईल.

शुगर हा खरा घोर आहे. ती चढलेली राहिली तर जखम भरत नाही आणि जंतू वेगाने पसरतात. रोज सकाळी मशीनवर बघा आणि वहीत लिहून ठेवा. हुडहुडी भरून ताप आला, लाली मांडीकडे किंवा पुढे अंडकोषाकडे सरकली, कातडी काळपट पडली, लघवी अडली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री १०८ ला फोन करा, मग मला.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे डॉक्टरांना दोष देणार नाही. अशा गळवानंतर तीनातल्या एकाला तरी, कधी निम्म्या लोकांना, भगंदर होतं. आतल्या ग्रंथीपासून कातडीपर्यंत बारीक बोगदा राहून जातो. जखम भरल्यावरही तिथे पुटकुळीसारखं छिद्र राहिलं, धोतराला डाग पडायला लागले, किंवा त्याच जागी पुन्हा सूज आली, तर ते लपवू नका. त्यावर उपाय आहेत. एमआरआय करून बोगदा कुठून कुठे जातो ते बघतात, मग ऑपरेशन करतात किंवा त्या बोगद्यातून दोरा ओवून ठेवतात. आयुर्वेदातलं क्षारसूत्र, म्हणजे औषधी क्षार लावलेला दोरा, तेही त्यासाठीच आहे, पण ते शिकलेल्या वैद्याकडेच. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात' असं रंगवलेलं असतं, तिकडे पाऊल टाकायचं नाही. अण्णा, ही माझी विनंती नाही, हट्ट आहे.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. शनिवारी दाखवायला जायचंय, मी सोबत येणार. तपासताना आत थांबायचं की बाहेर बाकावर, ते तुम्ही सांगा. पण दवाखान्यापर्यंत मी येणारच.

तुमची,
ताई