लंगडतंय? आधी पंजा उचलून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुत्रं किंवा मांजर लंगडायला लागलं की घरात ठरलेलं वाक्य, उडीबिडी मारली असेल, मुरगळला असेल पाय, होईल आपोआप बरा. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी पंजा नीट बघा. हे प्राणी टाचा टेकवत नाहीत, बोटांवर चालतात, सगळा भार बोटांवर नि खालच्या गाद्यांवर येतो, त्यामुळे तिथे एक बारीक कुसळ घुसलं तरी अख्खा पाय वर धरून चालतात.

आणि बघायचं म्हणजे वरवर नाही हं. बोटं हळूच फाकवून मधली कातडी लाल किंवा ओली आहे का, गोचीड चिकटलीय का, छोटं भोक पडून पू येतोय का ते बघा. गवताचं कुसळ आत गेलं की पुढेच सरकत राहतं, मागे येत नाही, मग वरून कितीही मलम लावा, जखम भरल्यासारखी वाटते आणि परत फुटते.

नखांकडे तर कुणाचं लक्षच नसतं. पुढच्या पायाला आतल्या बाजूने जरा वर जे अंगठ्याचं नख असतं ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही, वाढत वाढत गोल वळतं आणि थेट मांसात रुततं, केसाळ कुत्र्यात तर दिसतही नाही. म्हाताऱ्या मांजरांचं अजून वाईट, सांधे दुखतात म्हणून ती नखं घासत नाहीत, नखं जाड होऊन गादीत घुसतात, आणि मांजर ओरडत नाही, नुसतं उड्या मारायचं थांबतं, आणि आपण म्हणतो वय झालं आता. फार वाईट वाटतं हो, कारण डॉक्टरांनी नख कापून जखम साफ केली की बऱ्याचदा ते चालायला लागतं.

वय झालेल्या प्राण्याचं एखादंच बोट सुजलं असेल, नख गळून पडलं असेल तर नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका, एक्सरे काढायला सांगा. नखाच्या मुळाशी कॅन्सर होऊ शकतो, मांजरात तर फुफ्फुसातला कॅन्सर बोटांत उतरतो आणि कधीकधी लंगडणं हेच पहिलं लक्षण असतं.

आणि प्लीज, घरातली पेनकिलर देऊ नका!! पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी खराब होते. दुखतंय म्हणून मायेनेच देतात लोक, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक तुकडाही नको.

तुमच्या पुरवणीत प्राण्यांच्या खाण्यापिण्यावर, केसांवर लिहून येतं, एकदा पंजे आणि नखांवर पण एखाद्या पशुवैद्यांकडून फोटोंसकट लिहून घ्या ना, नख कापताना आतली जिवंत शीर कशी ओळखायची तेवढं तरी नक्की दाखवा.

आपली एक नियमित वाचक