हवाई ‘विलीन’ झाले नव्हते

महोदय,

अमेरिकेच्या सागरपार विस्ताराविषयी मराठीत लिहिताना १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धापासून सुरुवात करण्याचा आणि ‘याच वर्षी हवाई बेटे अमेरिकेत विलीन झाली’ एवढे सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. या वाक्याला माझी हरकत आहे. विलीन होण्यात संमती गृहीत असते, आणि हवाईच्या लोकांनी तर आपला नकार कागदावर उतरवला होता.

हे प्रकरण युद्धाच्या बरेच आधी साखरेतून सुरू झाले. १८७५ च्या करारामुळे, तेव्हा स्वतंत्र राज्य असलेल्या हवाईची साखर अमेरिकेत विनाशुल्क जाऊ लागली आणि उसाच्या मळ्यांचे गोरे मालक राज्यात प्रबळ झाले. १८८७ मध्ये त्यांच्या गटाने शस्त्रांच्या धाकावर राजा कालाकाऊआ याच्याकडून नवी राज्यघटना मान्य करून घेतली; तिने राजाचे अधिकार छाटलेच, शिवाय मालमत्तेच्या व उत्पन्नाच्या अटी घालून वरिष्ठ सभागृहासाठीचा अनेक मूळ हवाईवासीयांचा मताधिकारही काढून घेतला. त्याच वर्षी पर्ल हार्बरच्या वापराचा खास हक्क अमेरिकेला मिळाला. पुढे १८९० च्या जकात कायद्याने इतर देशांच्या कच्च्या साखरेवरचेही शुल्क उठवले आणि अमेरिकी उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले, तेव्हा अमेरिकेचा भाग होण्यातच आपले हित आहे, असे अनेक मळेवाल्यांना वाटू लागले.

१६ जानेवारी १८९३ रोजी ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरील अमेरिकी सैनिक होनोलुलूत उतरले आणि दुसऱ्याच दिवशी राणी लिलिउओकालानी हिची सत्ता उलथवण्यात आली. आपण अमेरिकेच्या वरचढ बळापुढे नमते घेत आहोत, असे राणीने लेखी नमूद केले. अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी चौकशी करवली, अमेरिकी प्रतिनिधीचा आणि सैनिकांचा यातील हात काँग्रेसपुढे स्पष्ट शब्दांत मांडला आणि सत्ता उलथवणाऱ्यांच्या सरकारने केलेला विलीनीकरणाचा करार पुढे नेण्यास नकार दिला. अमेरिकेतही हा अन्याय ओळखणारे लोक होते, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १८९७ साल. अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्या जूनमध्ये नवा करार सिनेटकडे पाठवला, तेव्हा ‘हुइ आलोहा आइना’ या देशप्रेमी संघटनेच्या स्त्री-पुरुष कार्यकर्त्यांनी बेटाबेटांवर जाऊन विरोधाच्या अर्जावर २१ हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या. मूळ हवाईवासीयांची संख्या तेव्हा मुलाबाळांसह सुमारे ४० हजार होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. हे कागद घेऊन त्यांचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले, सिनेटरांना भेटले, आणि करारासाठी राज्यघटनेला आवश्यक असलेले दोनतृतीयांश बहुमत जुळले नाही. एका छोट्या राष्ट्राने सह्या गोळा करून हा करार रोखण्यास हातभार लावला, ही घटना आपल्या वाचकांपर्यंत का पोहोचू नये?

स्पेनशी युद्ध सुरू झाल्यावर मात्र, स्पेनच्या ताब्यातील फिलिपिन्समधल्या मनिलाकडे जाणाऱ्या जहाजांना वाटेत कोळशाचा तळ हवा, हे कारण पुढे आले. कराराचा मार्ग सोडून दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव आणण्यात आला, कारण ठरावाला साधे बहुमत पुरते. ७ जुलै १८९८ रोजी मॅकिन्ली यांनी त्यावर सही केली. बेटांवर सार्वमत घेतले गेले नाही. राजघराण्याच्या आणि सरकारी मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी मोबदल्याशिवाय अमेरिकेकडे गेल्या.

एखादे राज्य तेथील प्रजेला न विचारता ताब्यात घेण्यासाठी मराठीत ‘खालसा करणे’ हा नेमका शब्द आहे. १८९८ च्या नोंदीत तोच वापरावा, अशी आपल्या लेखकांना विनंती आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १९९३ मध्ये संमत केलेल्या माफीच्या ठरावातही, हवाईच्या मूळ लोकांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा हक्क राजसत्तेमार्फत किंवा सार्वमताने कधीच थेट सोडला नव्हता, अशी कबुली दिलेली आहे.

आपला,
एक वाचक