मे महिन्यातलं ते प्रॅक्टिकल

नागपूर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्यात मी फोनवर म्हणाले होते की प्रॅक्टिकल आहे, पाच-सहा दिवस फोन बंद राहील. प्रॅक्टिकल त्याआधीच्याच आठवड्यात आटोपलं होतं. मी भोपाळला गेले होते, एसएसबीच्या मुलाखतीला. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर त्यातून निघावं लागतं. माझी निवड झाली नाही. पाचव्या दिवशी परत पाठवलं.

गाडी रात्रीची होती, आणि ती काटोलवरूनच जाते हे तिकीट काढताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कळमेश्वर गेल्यावर आठवलं. उठून दारात जाऊन उभी राहिले. आपलं फाटक लागलेलं होतं, पलीकडे दोन ट्रॅक्टर आणि एक मोटारसायकल. लहानपणी बाबा, आपण तिथंच उभं राहून डबे मोजायचो आणि माझे नेहमी एक-दोन जास्तच भरायचे. तुम्ही तेव्हा घरी झोपले असाल. मला एकदम चोरी केल्यासारखं झालं.

हे खूळ आजचं नाही. आई, तुझ्या लेखी एनसीसी म्हणजे परेडनंतरचा समोसा आणि दर रविवारी इस्त्री करायचे खाकी कपडे. पहिल्या वर्षी माझंही तेवढंच होतं. मग एका कॅम्पात फायरिंगला नेलं. पॉइंट टू-टू रायफल, 25 यार्डांवर टार्गेट, पाच गोळ्या. आम्हाला शिकवणारे फौजी, उस्ताद, म्हणाले, श्वास अर्धा सोड, थांब, मग बोट दाब. टार्गेट जवळ आणून पाहिलं तर पाचही भोकं आपल्या कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाखाली लपतील इतकी जवळजवळ. उस्तादांनी पहिल्यांदाच नावानं हाक मारली, तोवर मी ‘ए लंबी’ होते. त्या दिवसापासून पहाटेचं उठणं जड गेलं नाही. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत एनसीसीचं बी सर्टिफिकेट झालं, मग सी, ए ग्रेडनं. तुम्हाला सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, नोकरीला मार्क मिळतील. मिळतीलही. पण त्या कागदाचा खरा उपयोग असा की पदवीला 50 टक्के असतील तर लेखी परीक्षा न देता एसएसबीसाठी अर्ज करता येतो. पुढे छाननी असतेच. एम.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा हे मला माहीत होतं. तुम्हाला फक्त एम.एस्सी. सांगितलं.

तिथं छातीवर नंबर लावतात, माझा चौदा. नावानं कोणी बोलवत नाही. पहिल्याच दिवशी अर्ध्याहून जास्त पोरी परत गेल्या. फळी, बल्ली आणि दोरी देऊन अडथळा पार करायला लावतात, त्यात मी बरी होते. विहिरीवरची मोटर बाहेर काढायला तुमच्या हाताशी उभं राहून जे शिकले ते कामी आलं. तीन मिनिटांत दहा अडथळे असतात, मी आठ केले. दर 15 सेकंदाला एक शब्द, असे 60 शब्द दाखवतात आणि प्रत्येकावर वाक्य लिहायचं, तेही जमलं.

अडले ते एका साध्या कागदावर. 15 मिनिटांत स्वतःबद्दल लिहायचं असतं. मित्र काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात आणि सगळ्यात आधी, आई-वडील तुमच्याबद्दल काय म्हणतात. मी पेन धरून बसले. तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणता? ‘पोरगी हट्टी आहे’ हे आई म्हणते. बाबा, तुम्ही काय म्हणता ते मला सांगताच येईना. शेवटी पुस्तकात असतं तसं लिहून दिलं, जबाबदार, मेहनती, वगैरे.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, घरच्यांचं काय म्हणणं आहे? मी म्हणाले, सर, खूप खूश आहेत. ते काहीच बोलले नाहीत. मग सहज, चहाचं विचारावं तसं विचारलं, ‘‘स्टेशनवर सोडायला कोण आलं होतं?’’ मी म्हणाले, रूममेट. एवढंच. पुढचा प्रश्न भारताच्या शेजाऱ्यांवर होता.

का काढलं ते ते सांगत नाहीत, त्यामुळे याच कारणानं काढलं असं मी म्हणणार नाही. पण परतीच्या गाडीत मला दुसरं काही आठवत नव्हतं.

आता तुम्ही जे विचाराल ते आधीच सांगते. खर्च तुमच्या डोक्यावर येणार नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडंही परत मिळतं, आणि निवड झाली तर ट्रेनिंग चेन्नईला, 49 आठवडे, महिन्याला 56,100 रुपये स्टायपेंड. नोकरी आधी दहा वर्षं, मग चार वाढू शकतात. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हापासून बायकांनाही परमनंट कमिशनची, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीची, वाट खुली आहे. इन्फन्ट्रीत, म्हणजे पायदळात, मुलींना अजून घेत नाहीत, पण म्हणून धोका नाही असं म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. कोर्स एप्रिलचा मिळाला तर एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा मागे पडेल, हेही खरं. आणि ट्रेनिंग संपेपर्यंत लग्न करायला मनाई आहे. आत्याला हा नियम आवर्जून वाचून दाखवा, तिचं ते वरूडचं स्थळ तरी थोडे दिवस गप बसेल.

मी पुन्हा फॉर्म भरला आहे. रोज पहाटे अंबाझरीकडे धावायला जाते, राहिलेले दोन अडथळे उडीचे होते म्हणून पायाचा व्यायाम वाढवला. बोलावणं आलं की जाईन. हे तुम्हाला विचारून लिहीत नाही, तेवढा हट्टीपणा आई म्हणते तो खरा. पण यावेळी खोटं बोलून जाणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर तिथं तसंच सांगेन, की घरी मान्य नाही.

एक काम मात्र करा. तो कागद पुन्हा भरायचा आहे. तुम्ही दोघं माझ्याबद्दल काय म्हणता ते सांगा. चांगलंच सांगायला पाहिजे असं नाही. फोनवर नको, फोनवर बाबा ‘बरं बरं’ म्हणून आईकडे देतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं येते. बैलांच्या झुली धुवायच्या राहू द्या, मी आल्यावर धुते.

तुमची
लहानी