मल्हारच्या बोलण्याविषयी आई-बाबांना

रेडिंग, इंग्लंड
दि. १६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघेही येथे खुशाल आहोत. थंडी सुरू झाली असली तरी घर उबदार आहे आणि मल्हारचे खाणे-झोपणे उत्तम चालले आहे, तेव्हा ती काळजी आधी मनातून काढून टाका. मागच्या रविवारी त्याच्या बोलण्याचा विषय निघाला आणि आईचा गळा दाटून आला, त्यामुळे फोनवर जे नीट सांगता आले नाही ते आज सविस्तर लिहीत आहे.

येथील एक रीत तुम्हाला विचित्र वाटेल. मूल आजारी नसताना आणि आपण कोणाला बोलावलेले नसतानाही ‘हेल्थ व्हिजिटर’ म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतील एक प्रशिक्षित परिचारिका त्याची चौकशी करते. बाळंतपणानंतर दहा ते चौदा दिवसांत ती घरी येते, नंतर सहा ते आठ आठवड्यांनी, मग वर्षाच्या आत-बाहेर आणि पुन्हा दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान तपासणी होते. या शेवटच्या तपासणीआधी आईबापांना एक प्रश्नावली भरावी लागते. मूल चेंडूला पायाने मारते का, मणी ओवते का, बोट न दाखवता सांगितलेली वस्तू आणून देते का, दोन-तीन शब्द जोडून बोलते का, असे प्रश्न असतात आणि प्रत्येकापुढे ‘होय’, ‘कधीकधी’ आणि ‘अजून नाही’ अशा तीन चौकटी असतात. उत्तर अंदाजाने लिहायचे नसते, मुलाकडून ते करवून पाहायचे असते. याचे पैसे पडत नाहीत, आणि ‘अजून नाही’ लिहिले म्हणून मुलावर किंवा आईवर कसलाही ठपका येत नाही. कोणत्या मुलाकडे वेळेवर लक्ष द्यायला हवे, एवढेच त्यातून पाहतात.

मल्हारच्या चालण्या-धावण्यात आणि हातांच्या कामांत काही कमी आढळले नाही. बोलण्याच्या भागात मात्र बऱ्याच ठिकाणी ‘अजून नाही’ लिहावे लागले. दोन वर्षांच्या आसपास मुलाजवळ साधारण पन्नास शब्द असावेत आणि ‘बाबा गेला’, ‘दूध दे’ असे दोन शब्द त्याने जोडू लागावेत, अशी अपेक्षा असते. मल्हारचे शब्द वीस-पंचवीस आहेत आणि तो ते अजून जोडत नाही. हवे ते मागायला तो माझा हात धरून फ्रीजपाशी नेतो, दह्याच्या डब्याकडे बोट दाखवतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. हे बघणे आणि बोट दाखवणे फार चांगले लक्षण आहे, असे येथील वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी आवर्जून सांगितले. वर्षाचे मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ करत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, सांगितलेले समजत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर त्यांनी अधिक घाईने पावले उचलली असती. मल्हारच्या बाबतीत यातले काही नाही.

बाबा, तुम्ही स्वतः तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हता, हे आत्याने पुन्हा सांगितले. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले आपली आपण मार्गी लागतात, हे खरेच आहे, पण कोणते मूल लागेल आणि कोणते मागे राहील हे दोन वर्षांच्या मुलाकडे नुसते पाहून कोणालाच सांगता येत नाही. ज्यांची अडचण पुढेही टिकते, अशी मुले तीसच्या वर्गात साधारण दोन तरी असतात. म्हणून थांबून पाहण्यापेक्षा तपासून घेणे मला बरे वाटले. आई, तू वेखंड उगाळून चाटवायला सांगितलेस, त्यामागची तुझी माया मला समजते, परंतु तज्ज्ञांना विचारल्यावाचून मी त्याला काही देणार नाही.

घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी यामुळे मूल गोंधळते, असे काकांनी लिहिले आहे. हीच शंका मी त्या बाईंना विचारली. दोन भाषांमुळे असा विलंब होत नाही, दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायचे असतात आणि घरची भाषा मुळीच सोडायची नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यामुळे मल्हारशी आपण सर्वांनी मराठीतच बोलायचे आहे. आणि तो पाळणाघरात जातो, घरात आजी-आजोबा नाहीत, म्हणून हे झाले, असे कृपया म्हणू नका. माणसांनी भरलेल्या घरांतही मुले उशिरा बोलतात. ते वाक्य ऐकले की मला रात्रभर झोप लागत नाही.

पहिली तपासणी कानांची झाली. जन्मताच घेतलेली श्रवणचाचणी नीट होती, तरी सर्दीनंतर लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकते आणि मग आवाज दबका ऐकू येतो. त्याच्या डाव्या कानात थोडे पाणी आहे. ते बहुधा आपोआप ओसरते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा पाहणार आहेत.

तुम्हा दोघांकडून मला एक मदत हवी आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला ‘आजी म्हण, आजी म्हण’ असा आग्रह करू नका, कारण परीक्षा घेतल्यासारखे झाले की तो गप्प होतो. त्याऐवजी बाबांनी गोठ्यातले वासरू दाखवावे, ‘वासरू आले’ म्हणावे आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. तो नुसते ‘बस’ म्हणाला तर ‘लाल बस’, ‘बस गेली’ असा एकच शब्द जोडून परत द्यावा. काल गादीवर बाहुलीला चमच्याने भात भरवताना तो ‘अजून’ म्हणाला. मी ‘अजून भात’ म्हटले आणि त्याने मान हलवून चमचा पुन्हा भरला.

सुमनमावशीच्या नातीबद्दल कळले. तिला सांगा, लोक काय म्हणतील म्हणून लपवू नये. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा येते, त्यांना दाखवावे. मुंबईला जाणे जमले तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा व श्रवण या दोन्हींची तपासणी होते.

आता निखिलच्या लग्नाचे. उपचाराची सत्रे जानेवारीत सुरू होतील आणि ती चुकवली तर पुन्हा रांगेत थांबावे लागेल, त्यामुळे साखरपुड्याला मला येता येणार नाही. थोरली बहीण असून मी नाही, हे मुलीकडच्यांना कसे दिसेल याची मला जाणीव आहे. त्यांनी विचारले तर मल्हारचे कारण मोकळेपणाने सांगा. लग्नाचा मुहूर्त एप्रिलच्या शेवटी धरला तर आम्ही तिघेही नक्की येऊ. हॉलच्या आगाऊ रकमेसाठी संदीपने बाबांच्या खात्यावर एक लाख रुपये पाठवले आहेत, जमा झाले की कळवा. त्यातूनच आईच्या डोळ्याचे ऑपरेशन करून घ्या, ते लग्नानंतर नको. निखिलच्या कपड्यांचे पैसे मी वेगळे पाठवीन.

तुमची,
माधुरी