नवसागराची परीक्षानळी आणि एक लाल शेरा

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आपण आम्हाला भौतिक रसायनशास्त्र शिकवले, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की थर्मोडायनॅमिक्सची, म्हणजे उष्णता व ऊर्जेच्या शास्त्राची, सूत्रे तोंडपाठ असूनही त्यांचा अर्थ लागत नाही, अशा अवस्थेत आजही अनेक विद्यार्थी असतात आणि मीही तशीच होते.

त्या दिवशी फळ्यावर काहीही न लिहिता आपण प्रत्येकाच्या हातात पाण्याची परीक्षानळी दिलीत आणि तीत चमचाभर नवसागर, म्हणजे कल्हईवाला वापरतो तोच अमोनियम क्लोराइड, टाकायला सांगितलात. नळी गार पडत गेली आणि पावसाळी हवेमुळे काचेवर बाहेरून दव धरले. उष्णता बाहेर टाकणारी क्रियाच आपोआप घडते, अशी माझी पक्की समजूत होती. मग हा क्षार भोवतालची उष्णता ओढून घेत आपणहून कसा विरघळतो, असे विचारून आपण तो प्रश्न दोन दिवस आमच्यापाशीच राहू दिलात. गिब्जच्या मुक्त ऊर्जेचे समीकरण त्यानंतर आले, म्हणूनच ते मला हवेसे वाटले: एन्थाल्पीतील (उष्णतेच्या हिशेबातील) बदलातून तापमान आणि एन्ट्रॉपीतील (कणांच्या विस्कळीतपणाच्या मापातील) बदल यांचा गुणाकार वजा करायचा; उत्तर ऋण आले, तर क्रिया आपोआप घडू शकते.

माझ्या पहिल्या उत्तरात मुक्त ऊर्जेतील बदल उणे बावीस हजारांच्या घरात आला होता. आपण तो खोडला नाहीत. एन्ट्रॉपीच्या आकड्याखाली लाल रेघ ओढून 'एकक?' एवढेच लिहिलेत. एन्थाल्पीतील वाढ मोलमागे १४.८ किलोज्यूल होती आणि एन्ट्रॉपीतील वाढ मात्र केल्विनमागे सुमारे ७५ ज्यूल, आणि मी दोन्ही तशीच एकत्र केली होती. एन्ट्रॉपीच्या आकड्याला २९८ केल्विनने, म्हणजे खोलीच्या तापमानाने, गुणून हजाराने भागल्यावर २२.३५ किलोज्यूल आले, वजाबाकी उणे साडेसातच्या आसपास उतरली, आणि स्फटिकात जखडलेले आयन (प्रभारित कण) पाण्यात मोकळे झाल्याने वाढलेली एन्ट्रॉपी उष्णतेच्या बाजूवर मात करते, हे त्या ऋण चिन्हात मला स्पष्ट दिसले. तापल्या भांड्यावर नवसागर टाकताच पांढरा धूर का उठतो, हेही त्याच समीकरणातून उलगडले: तापमान चढले की एन्ट्रॉपीच्या पदाचे वजन वाढते आणि घन क्षार अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड या वायूंमध्ये विघटित होतो.

आपण सोडवायला दिलेले कॅल्शियम क्लोराइडचे उदाहरण आता पूर्ण केले आहे. तेथे पाणी तापते, पण एन्ट्रॉपी घटते, कारण दोन धनप्रभारांचा कॅल्शियम आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती घट्ट बांधून ठेवतो. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन आपल्याकडे येईन.

आपली विद्यार्थिनी