काका, पुस्तक अजून माझ्याकडेच आहे

तीर्थस्वरूप काकांना सादर नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही. आणि 'पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स' अशी पाटी नारायण पेठेत काही एकट्या तुमचीच नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आले होते. गळ्यात हप्त्यांवर घेतलेला नवा कॅमेरा. तुम्ही दोन बोटांनी तिची हनुवटी जराशी वर केलीत, एकच फोटो काढलात आणि मला म्हणालात, "बघू, तुझ्यात काय काय आहे." मी कौतुकानं पालखीचे फोटो दाखवले. सुरकुतलेला चेहरा, कपाळावर गंध, सगळं कृष्णधवल. आठ-दहा पाहून तुम्ही कॅमेरा परत दिलात. "हे मी पाहिलेत."

"नाही हो काका, या वर्षीचेच आहेत."

"तेच म्हणतोय."

चार दिवस राग होता. पाचव्या दिवशी फोटोच्या प्रती न्यायला आले, तर लॅमिनेशनच्या मशीनमागून तुम्ही खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक काढलंत. फ्रेंच फोटोग्राफर आन्री कार्तिए-ब्रेसाँ. त्यातला पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागचा, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ सालचा फोटो उघडून दिलात आणि म्हणालात, "आठवडाभर हा एकच बघ. पान उलटायचं नाही."

मी मात्र दुसऱ्याच दिवशी, ऐन पावसात, भाच्याला घेऊन नदीपात्रातलं डबकं गाठलं. अकरा उड्या मारायला लावल्या. बाराव्या उडीला तो आपटला, शाळेचे बूट चिखलात आणि वहिनींचं बोलणं माझ्या वाट्याला. फोटो पाहून तुम्ही हसलासुद्धा नाहीत. "ब्रेसाँनं त्या माणसाला उडी मार म्हणून सांगितलं नव्हतं. मागच्या भिंतीवरचं पोस्टर पाहिलंस?" मी पाहिलं नव्हतं. पोस्टरवर तशीच झेपावलेली नर्तकी आहे, खाली पाण्यात त्या माणसाचं उलटं प्रतिबिंब आहे, आणि हे सगळं त्यानं कुंपणाच्या फटीतून टिपलंय. मला फक्त उडी दिसली होती.

मग तुम्ही ट्रेसिंग पेपर दिलात. फोटोवर ठेवायचा, उजेड कुठून येतोय तिथे बाण काढायचा, नजर जिथे अडकते तिथे फुली मारायची. आणि शेवटी कोपऱ्यात लिहायचं: फोटो काढणारा कुठे उभा आहे? खरं सांगते, पहिले काही आठवडे हा पोरखेळच वाटला. मग एक दिवस बसमधून उतरताना समोरच्या रसवंतीवर आपोआप बाण दिसायला लागले.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगच्या फोटोतल्या त्या आईवर. १९३६ चा मार्च, कॅलिफोर्नियात निपोमोला वाटाणे तोडायला आलेल्या मजुरांचा तळ. मला तो एकच फोटो ठाऊक होता. तुम्ही तिथलेच बाकीचे फोटो शेजारी मांडलेत. लांबून दिसणारा तंबू, सामान, मोठी मुलगी. जवळ जवळ जात फोटो काढले, असं लँगनंच सांगून ठेवलंय. तसतशी एकेक गोष्ट गळत जाते आणि उरते ती आई, तिच्या खांद्यांआड तोंड लपवलेली दोन पोरं, मांडीवरचं तान्हं. खालच्या कोपऱ्यात खांबाला धरलेला एक अंगठा आला होता, तो लँगनं नंतर निगेटिव्हवरून घालवला, हेही तुम्हीच सांगितलंत. तेवढं मात्र तुम्हाला आवडलेलं दिसलं नाही.

त्या आठवड्यात मंडईत मेथी विकणाऱ्या मावशींचा फोटो काढला होता. सकाळचं तिरपं ऊन, हातात तराजू, तोंडावर अर्धी सावली. पहिल्यांदाच तुम्ही चष्मा पुसून फोटो पाहिलात. वाटलं, आता शाबासकी. तुम्ही विचारलंत, "नाव काय हिचं?"

मला माहीत नव्हतं. लँगनंही त्या बाईला नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं, आणि त्या फोटोनं आपल्याला काहीच दिलं नाही, असं ती म्हणाली. तुम्ही एवढंच सांगून एक प्रिंट काढून दिलीत. पैसे घेतले नाहीत.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याबद्दलही तुमच्याकडूनच कळलं. विसर्जन मिरवणुकीत "ताई, बाजूला व्हा" ऐकून वैतागून आले होते तेव्हा. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे, पुढे त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतलं: जन्म १९१३ चा, नवऱ्याशी ओळख तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. त्या दिवशी चहा सांगितलात, तोही स्वतःहून. नोंद आहे.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकणार नाही. कृष्णधवल म्हणजेच फोटोग्राफी, हा तुमचा हट्ट. रघुवीर सिंह आयुष्यभर रंगातच भारत पाहत राहिले. त्यांचे फोटो मी मोबाइलवर दाखवले तेव्हा "हं" म्हणालात. तो "हं" नेहमीपेक्षा लांब होता.

मावशींना प्रिंट नेऊन दिली. नाव विचारलं, ते मागे पेन्सिलनं लिहिलं. त्यांनी फोटो हातभर लांब धरला. मला वाटलं चेहरा बघतायत. म्हणाल्या, "काटा मधोमध आलाय, बरं झालं. लोकांना वाटतं आम्ही मापात मारतो."

रविवारी पुस्तक घेऊन येते. कव्हर फाटलंय, नवं घालूनच आणेन. मावशींनी तुमच्यासाठी मेथीची जुडी द्यायची कबूल केलीय.

आपली,
अकरा उड्यांवाली